हात माहा आहे, पण ऐकून नाई राह्यला

आमच्याकडच्या मुली मानसशास्त्र निवडत नाहीत, ते त्यांच्या वाट्याला येतं. बी.ए.च्या अर्जावर मराठी वाङ्मय, समाजशास्त्र, इतिहास, गृहअर्थशास्त्र अशा विषयांचे गट असतात. कशावर खूण करावी हे कळत नाही, आणि बसस्टँडवर भेटलेली एखादी सीनियर सांगते, "सायकॉलॉजी घे, प्रॅक्टिकलचे मार्क भेटते." अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या पट्ट्यात मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. आधी तासिका तत्त्वावर, म्हणजे सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात. पुढे एका ठिकाणी कायम झाले. मी स्वतः अमरावतीत शिकले आणि माझंही या विषयाशी लग्न असंच ठरवून झालेलं आहे. त्यामुळे प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी आलेल्या मुलीबद्दल माझ्या मनात अढी नाही. बहुतेकींची पुढे विषयाशी गट्टी जमते. काहींची जमत नाही, पण त्यांचेही मार्क बरे येतात.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि एक लोखंडी कपाट. कपाटात आरसा-रेखनाचं यंत्र, चक्रव्यूहाची पाटी, म्युलर-लायरचा सरकता भ्रम, स्टॉपवॉच आणि निरर्थक शब्दांची कार्डं. टॅचिस्टोस्कोपही आहे, पण त्याची झडप अडकते. दोघी-दोघींच्या जोड्या लावायच्या, एक प्रयोगकर्ती आणि एक प्रयुक्त, नंतर अदलाबदल. मग वही लिहायची: हेतू, साहित्य, सूचना, प्रत्यक्ष कृती, निरीक्षण तक्ता, आलेख, निष्कर्ष. तक्ता आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक छोटा मथळा येतो, अंतर्निरीक्षण अहवाल. प्रयोग करताना प्रयुक्ताला काय वाटलं, काय जाणवलं, तिनं कोणती युक्ती वापरली हे तिथं तिच्याच शब्दांत यायला हवं.

प्रत्यक्षात तिथं वर्षानुवर्षं एकच वाक्य येत होतं. "सुरुवातीला मला थोडी भीती वाटली, परंतु नंतर प्रयोग करताना आनंद झाला." सीनियरची वही ज्युनियरकडे जाते, तिची तिच्या चुलत बहिणीकडे, आणि भीती व आनंद त्याच क्रमानं पुढे सरकतात. स्मरणशक्तीचा प्रयोग असो की दृष्टिभ्रमाचा, भीती आणि आनंद ठरलेले. एका वर्षी अख्ख्या बॅचला 'आंनद' झाला होता, अनुस्वार पहिल्या अक्षरावर. मी लाल पेनानं तो सुधारत बसले आणि सुधारता सुधारता वैतागले.

बदल झाला तो आरसा-रेखनामुळे. या प्रयोगात चांदणीची दुहेरी आकृती असते. हात पत्र्याच्या आडोशामागे झाकलेला असतो आणि फक्त आरशातलं प्रतिबिंब पाहून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची असते. वर न्यायला गेलं की पेन्सिल खाली येते. कोपऱ्यावर तर हात जागेवरच थरथरत राहतो. प्रत्येक प्रयत्नाला वेळ आणि चुका मोजतात. दोन्ही कमी होत जातात आणि त्याचा उतरता आलेख काढला की काम संपलं. दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली एक मुलगी चांदणीच्या पहिल्याच टोकावर अडकली आणि जोडीदारणीला म्हणाली, "हात माहा आहे, पण ऐकून नाई राह्यला." मी मागेच उभी होते. म्हटलं, हेच अहवालात लिही. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी तिला नापास व्हायचा सल्ला देत होते. "मॅडम, असं लिहिलं तं बाहेरचे सर मार्क कापते ना."

तो अहवाल तसाच राहिला आणि मार्क कापले गेले नाहीत. पुढच्या तासाला मी त्यांना एच.एम.ची हकीकत सांगितली. या हेन्री मोलेसनवर १९५३ साली अमेरिकेत अपस्माराच्या झटक्यांसाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला कोणतीही नवी आठवण साठवता येईना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला हाच प्रयोग दिला, आरसा आणि चांदणी. दिवसागणिक त्याच्या चुका घटत गेल्या, म्हणजे हात शिकत होता. पण दर वेळी तो म्हणे, हे मी पूर्वी कधीच केलेलं नाही. तक्ता सांगतो शिकला, माणूस सांगतो कधी बघितलंच नाही. दोघांपैकी एकाचीच नोंद ठेवली असती तर स्मृतीचे प्रकार वेगवेगळे असतात हे इतक्या स्पष्टपणे कळलंच नसतं. दर्यापूरच्या मुलीला हे ऐकून बरं वाटलं असावं. "म्हणजे माह्या हाताले मार्क वेगळे आन् मले वेगळे," ती म्हणाली आणि वर्ग हसला.

तेव्हापासून मी नियम केला की अहवाल आधी तोंडी सांगायचा, जोडीदारणीनं तो जसाच्या तसा उतरवायचा, आणि बोललं वऱ्हाडीत गेलं तर लिहायचंही वऱ्हाडीतच. वह्या गबाळ्या दिसू लागल्या. एका सहकाऱ्यांना हे पटलं नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत 'मले' आणि 'तुले' शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते म्हणणं अगदीच गैर वाटत नाही. निष्कर्ष प्रमाण मराठीत आलाच पाहिजे, त्यात मी सूट देत नाही. पण जे कुणी बोललं ते अवतरणात येतं, आणि अवतरणाची भाषा बोलणाऱ्याची असते.

गंमत म्हणजे दोन वर्षांत या नव्या पद्धतीचाही साचा झाला. मॅडमना काहीतरी खोलातलं आवडतं असा बोभाटा झाला आणि म्युलर-लायरच्या दोन रेषांची लांबी जुळवताना मुलींना बालपणीच्या आठवणी येऊ लागल्या. एकीला चक्रव्यूहाच्या पाटीवर आयुष्याचा मार्ग दिसला. मग उलटं सांगावं लागलं की काही वाटलं नसेल तर काही वाटलं नाही, एवढंच लिहा. पाय अवघडला असेल तर पाय अवघडला असं लिहा. पंखा बंद होता, घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, डबा खायची वेळ झाली होती, या सगळ्या नोंदी चालतात. आजही मला चांगला अहवाल म्हणजे बहुतेक वेळा कंटाळवाणा अहवाल वाटतो.

विकासात्मक मानसशास्त्राच्या पेपरात मात्र वाद आपोआप पेटतात, कारण तिथं पुस्तक त्यांच्याबद्दलच बोलत असतं. हरलॉकच्या पुस्तकातून आलेले टप्पे, एरिकसनची आठ संकटं, पियाजेच्या चार अवस्था या सगळ्यांत कुमारावस्था आली की एकोणीस वर्षांच्या मुली सरसावून बसतात. अर्ध्याजणींच्या घरी स्थळं बघणं चालू असतं. जेम्स मार्सियानं १९६६ साली एरिकसनच्या कल्पनेवरून अस्मितेच्या चार स्थिती मांडल्या. त्यातली एक अशी की माणूस शोध न घेताच बांधिलकी पत्करतो, म्हणजे घरच्यांनी ठरवलेला व्यवसाय, विचार, जोडीदार हे सगळं आपलंच म्हणून स्वीकारतो. हे शिकवलं की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, हे तं आमच्या पुऱ्या वर्गाचं आहे." एका वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आलं. ती मुलगी बार्शीटाकळी भागातली, एरवी गप्प राहणारी. "माह्या आईचं लग्न सतराव्या वर्षी झालं. बाबा आजारी पडल्यावर वावर तिनंच केलं, बँकेत तीच जाते. तिले कोणी विचारलं नाई आन् तिनं शोध घेतला नाई, म्हणून ती कच्ची झाली का?"

मी तिला मार्सियाचा नमुना सांगितला. ज्यांच्या मुलाखतींवरून त्यानं या स्थिती मांडल्या ते सगळे कॉलेजात शिकणारे मुलगे होते. वर्गात कुजबुज झाली. मग कपाटातून भाटियांची बुद्धिमापन पेटी काढली. चंद्रमोहन भाटियांनी १९५५ साली भारतीय मुलांसाठी ही कसोटी बांधली. अक्षरओळख नसलेल्यालाही देता यावी म्हणून तीत ठोकळे, चौकटी, आकृत्या अशी हातानं करायची कामं आहेत. काम मोठं आणि कळकळीचं, पण प्रमाणकं उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वयाच्या मुलग्यांवरून काढलेली. आमच्या मुली एकमेकींवर हीच कसोटी घेतात आणि वहीत 'सामान्यपेक्षा अधिक' असं लिहून मोकळ्या होतात. त्याहून जुनी बिने-कामत कसोटी आपल्याला भाषेनं जवळची आहे. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तयार केली, आणि त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. आकडा आला की तो कुणाशी तुलना करून आला हे विचारायचं, ही सवय पदवीच्या तीन वर्षांत लागली तरी मी समाधानी असते. बार्शीटाकळीच्या मुलीला माझ्याकडून आईबद्दलचं उत्तर काही मिळालं नाही, फक्त प्रश्न थोडा धारदार झाला.

पियाजेचे प्रयोग करायला आम्ही जवळच्या गावातल्या अंगणवाडीत आणि प्राथमिक शाळेत जातो. या वाटेवर मी मुलींना ताराबाई मोडकांबद्दल सांगते, कारण अमरावतीत राहून बालविकास शिकणाऱ्या मुलीला त्यांचं अमरावतीशी असलेलं नातं माहीत नसतं. ताराबाई लग्नानंतर काही वर्षं याच शहरात एका वकिलाच्या घरात नांदल्या. संसार टिकला नाही. त्या राजकोटला गेल्या, तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, आणि १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, तिच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सांगताना मी ती जरा रंगवून सांगते हे कबूल, पण गोष्टच तशी आहे.

अंगणवाडीतल्या ताई आम्हाला पोषण आहाराच्या वेळेआधी तासभर देतात. प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. सारखं पाणी दोन सारख्या पेल्यांत ओतायचं, मग एकातलं उंच, अरुंद पेल्यात ओतून विचारायचं, आता कशात जास्त? लहान मूल उंच पेल्याकडे बोट दाखवतं. आमच्या मुलींना ते बघून फार आनंद होतो, पुस्तक खरं निघालं म्हणून. एकदा एका विद्यार्थिनीनं पाण्याऐवजी कापूस घ्यायचं ठरवलं. वेचणीचे दिवस होते, कापूस फुकटात उपलब्ध. तिनं सारखे दोन ढीग केले, मुलाकडून सारखे असल्याचं वदवून घेतलं, मग एक ढीग दाबून त्याची गच्च गोळी केली. समोरचा मुलगा शाळेतला, पहिलीचा. पेल्यांच्या प्रयोगात तो व्यवस्थित चुकला होता. इथं त्यानं तिच्याकडे दयेनं पाहिलं. "दाबलं म्हणून का जास्त भरते? काट्यावर तेवढंच भरते." त्याची आई किलोवर कापूस वेचायला जायची आणि गाठोडं कितीही दाबलं तरी मापारी पैसे वाढवून देत नाही हे घरात रोज बोललं जात असणार.

तिच्या वहीत हे वाक्य आलं आणि खाली निष्कर्ष आला, 'प्रयोग अयशस्वी'. तो शब्द मी खोडला नाही, फक्त शेजारी एक संदर्भ लिहून दिला. १९६९ साली प्राइस-विल्यम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीचे गोळे देऊन हेच तपासलं होतं. मातीशी खेळत वाढलेल्या त्या मुलांना, आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हे इतर मुलांपेक्षा आधी कळत होतं. तिनं पुढच्या वर्षी स्वतःहून आणखी मुलांवर कापसाचा प्रयोग केला. निकाल सरमिसळ आला. काहींना काटा आठवला, काहींना नाही. तिला वाईट वाटलं, मला नाही.

आता ज्या विषयावर मी मुलींशी सगळ्यात जास्त भांडले त्याबद्दल. दरवर्षी एक गट प्रकल्पाचं नाव घेऊन येतो, 'शेतकरी आत्महत्या : एक मानसशास्त्रीय अभ्यास'. बाहेरगावच्या कुणालाही वाटेल की अमरावती-अकोल्यात मानसशास्त्र शिकून हा अभ्यास करायचा नाही तर कोणता? मुलींनी प्रश्नावलीही शोधलेली असते. नऊ प्रश्नांची, पीएचक्यू-९ नावाची, २००१ साली प्रसिद्ध झालेली, जगभर वापरली जाणारी, मराठीतही मिळणारी. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, उत्साह कसा होता, असे प्रश्न. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. मी विचारते, समोरच्या बाईनं नवव्याला 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं, तर तू काय करशील? उत्तर असतं, "तीन गुण देऊ, मॅडम." प्रश्नावलीच्या हिशेबानं ते बरोबरच आहे.

हे प्रकल्प मी मंजूर करत नाही. एका वर्षी यावरून वर्गात चर्चा चालली होती. आम्ही गावाला मदत करू, जनजागृती करू, असं शहरातल्या मुली म्हणत होत्या. एक मुलगी उठली. तिच्या घरातलं मला माहीत होतं, वर्गातही काहींना माहीत होतं. "आमच्या घरी कितीक वेळा फॉर्म भरून नेले. आईनं दर वेळी चहा केला. कोणी परत आलं नाई," ती म्हणाली आणि बसली. माझा युक्तिवाद मग मला करावाच लागला नाही. उत्तर मिळाल्यावर पुढची सोय आपल्याकडे नसेल, तर तो प्रश्न आमच्या प्रश्नावलीत येत नाही. त्याऐवजी मी मुलींना सोय कुठे कुठे आहे याची यादी करायला लावते. अमरावतीत इर्विन रुग्णालय, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, तिथं मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, खेड्यातून पहिली बस किती वाजता निघते, टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लागतो का, लागला तर मराठीत कोण बोलतं. हा प्रकल्प मुलींना आधी फार सामान्य वाटतो. पण बसचं वेळापत्रक आणि ओपीडीची वेळ जुळत नाही हे लक्षात आलं की वहीत संताप उतरतो आणि तो खरा असतो.

अभ्यास करायचाच तर कसा करतात हेही त्यांना दाखवायला हवं, आणि त्यासाठी सुदैवानं लांब जावं लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. संगथ ही संस्था, टाटा ट्रस्ट्सचा निधी. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापले. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी कुठल्याही उपचारापर्यंत पोचलेले होते ४.३ टक्के, आणि अठरा महिन्यांनी २७.२ टक्के. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. आता दुसऱ्या वर्षाची मुलगीसुद्धा विचारते, तुलनेचा गट कुठे? तसा गट नव्हता, आधीची आणि नंतरची पाहणी एवढंच होतं, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच द्यायला जपून राहावं. पण मला वर्गात जास्त वेळ बोलावंसं वाटतं ते हे काम करणाऱ्यांबद्दल. पहिल्या फळीत गावपातळीवरचे कार्यकर्ते होते, प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक होते, आणि मनोविकारतज्ज्ञ शेवटच्या पायरीवर. घरी जाऊन बसणारा माणूस पुन्हा येणार होता. आमच्या मुली ज्या पदवीकडे डोळे लावून बसतात ती या पहिल्या फळीतल्या बहुतेकांकडे नव्हती.

यावरून एक कटू गोष्ट निघते आणि ती मी तिसऱ्या वर्षाला स्पष्ट सांगते. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं म्हणून कुणी समुपदेशक होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला पुढचं खास प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तरी शहरात फिरताना सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर लावलेल्या पाट्या दिसतात, आणि त्यांतली एखादी आपल्याच विद्यार्थिनीची निघाली की मी रस्ता बदलते. नाहीतर बऱ्याचजणी पोलिसांत जातात, बँकेत जातात, एमपीएससीच्या अभ्यासिकेत तीन-चार वर्षं बसतात, सासरी जातात.

एक जण अंगणवाडी सेविका झाली. तिच्या गावात एका बाळाचं वजन महिनोन्महिने वाढत नव्हतं. तक्त्यात ते घसरताना दिसत होतं, आणि आई आहार देत नाही असा शेरा आधीच्या नोंदीत होता. ही तिच्या घरी दोन-तीनदा जाऊन नुसती बसली आणि ती बाई जे बोलली ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून आणलं. "लेकरू रडते ते मले ऐकू येते, पण उठायचं सुचत नाई." आजाराचं नाव तिनं घातलं नाही. ते पान घेऊन सेविका ती बाई, तिची सासू आणि बाळ यांच्यासोबत सर्वोपचारला गेली आणि डॉक्टरांसमोर ते वाचून दाखवलं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार सुरू झाले. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा पुढचं वाक्य असं होतं, "मॅडम, बसचे पैसे कोणत्या हेडखाली टाकू?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि प्रकल्प कार्यालयाकडेही नव्हतं.

२०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवा अभ्यासक्रम आला. क्षेत्रीय प्रकल्पाला आता श्रेयांक आहेत, म्हणजे जे आम्ही वेळ चोरून करत होतो त्याला कागदावर जागा मिळाली. श्रेयांक आले की फॉर्मही येतात. ठरावीक नमुना, ठरावीक पानं, जिओटॅग केलेले फोटो. फोटोत मुलं नेहमी कॅमेऱ्याकडे बघत असतात, त्यामुळे निरीक्षण म्हणून त्यांचा उपयोग शून्य.

अलीकडच्या एका प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक वही उघडली आणि शब्दस्मरणाच्या प्रयोगाखालचा अहवाल मोठ्यानं वाचला. "मंधातले शब्द गेले. शेवटचे राह्यले, कारण ते कानातच होते." त्यांनी मुलीला विचारलं, हे असं का लिहिलं? "ती असंच म्हणाली, सर," मुलगी म्हणाली. परीक्षकांनी मान डोलावली, वही मिटली आणि प्रमाण विचलनाचं सूत्र विचारलं. ते काही तिला आलं नाही. त्याचे मार्क गेले, आणि ते जायलाच हवे होते.